चुनखडक भाजला की ४४ टक्के वजन जातं कुठे?

निवळी

मंडळी, रसायनशास्त्र शिकवताना एक समीकरण दरवर्षी येतं, चुनखडक तापवला की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळतात आणि विषय तिथेच संपतो. मला हे समीकरण अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं वाटतं म्हणून हा धागा काढतेय. इथे खडकातली, बांधकामातली, सिमेंटमधली, शेतीतली बरीच माणसं आहेत, त्यांनी भर घालावी ही विनंती.

आधी वजनाचा हिशेब बघा. शुद्ध १०० किलो चुनखडक (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट) पूर्ण भाजला तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे ४४ किलो गॅस होऊन निघून जातात. धूर जळणाचा असतो, हा गॅस दगडाचा असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. भाजलेला दगड दिसायला जवळपास आधीइतकाच मोठा राहतो पण हातात घेतला की लगेच कळतं, हलका झालाय, आतून सच्छिद्र झालाय.

हे नीट तराजू लावून पहिल्यांदा दाखवलं ते स्कॉटलंडमधल्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७५० च्या दशकात. तोवर लोकांची समजूत अशी होती की चुना एवढा जळजळीत होतो कारण भट्टीतला अग्नीच त्याच्यात शिरून बसतो. ब्लॅकनी सिद्ध केलं की शिरत काहीच नाही, उलट दगडात अडकून बसलेली एक वेगळी हवा बाहेर पडते म्हणून वजन घटतं, आणि तीच हवा आपण श्वासातून सोडतो, कारण चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की निवळी दुधाळ होते. हवा ही एकच गोष्ट नाही, वेगवेगळे वायू असतात, या विचाराची मोठी सुरुवात इथून झाली. चुन्यातून!

माझा मुद्दा एवढाच की चुनखडक म्हणजे घट्ट बांधून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड आहे, हे डोक्यात ठेवलं की गुहा, सिमेंट, शेतातला चुना, समुद्रातले शिंपले हे सगळं एकाच धाग्यात ओवलं जातं. तो गॅस दगडात गेला कसा ते खडकवाल्यांनी सांगावं.

खडकवेडा

वा, मस्त विषय काढलात मॅडम. तुम्ही हाक मारलीत म्हणून लगेच लिहितोय.

गॅस गेला तो समुद्रातून, आणि बहुतेक करून जीवांच्या अंगातून. शिंपले, प्रवाळ, फोरॅमिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव, सूक्ष्म शैवाल, हे सगळे पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपलं कवच बनवतात, मेले की कवचं तळाला जातात, थरावर थर बसतात, वरच्या वजनाने दाबले जातात, मधल्या फटींत परत कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक) साकळतं आणि लाखो वर्षांनी खडक तयार. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे फोटोत बघितले असतील, तो सगळा खडू आहे आणि तो मुख्यतः कॉकोलिथ नावाच्या चकत्यांचा बनलाय, एकेक चकती काही मायक्रॉनची, साध्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. क्रेटेशस नावाच्या, डायनोसॉरच्या काळातल्या समुद्रात तरंगणाऱ्या शैवालांची कवचं ती.

गीझाच्या मोठ्या पिरॅमिडचे बहुतेक दगडही चुनखडकच. त्यात नाण्यासारखे गोल चपटे जीवाश्म दिसतात, न्यूम्युलाइट म्हणतात त्यांना. स्ट्रॅबो या ग्रीक प्रवाशाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की तिथले लोक ते बांधकाम करणाऱ्यांच्या जेवणातून उरलेले, दगड झालेले मसूर समजत. आणि एव्हरेस्टचा अगदी माथा, तोही चुनखडकाचाच आहे बरं का, ऑर्डोव्हिशियन काळातल्या उथळ समुद्रात साठलेला, त्यात ट्रायलोबाइट आणि क्रायनॉइड या समुद्री जीवांचे तुकडे सापडतात. ४५ कोटी वर्षांहून जुना समुद्रतळ आज ८८४८ मीटरवर बसलाय.

सगळा चुनखडक जीवांनीच केला असं मात्र नाही. गरम झऱ्यांच्या काठी ट्रॅव्हर्टीन साठतो, उथळ कोमट समुद्रात लाटांबरोबर गडगडत बारीक गोल दाणे बनतात, त्यांना ऊइड म्हणतात. पण मोठा वाटा जीवांचा.

एक_शंका

बेसिक प्रश्न आहे, रागावू नका. म्हणजे शिंपले आणि प्रवाळ हवेतला सीओटू खाऊन त्याचा दगड करतात का? मग जेवढे शिंपले जास्त तेवढी हवा साफ, असं ना?

खडकवेडा

रागावायचं काय त्यात, हा प्रश्न भलेभले विचारतात. उत्तर जरा फिरवून घेतं, सावकाश वाचा.

कवच बनताना दोन बायकार्बोनेट लागतात. त्यातल्या एकाचा कार्बन कवचात जातो आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन परत पाण्यात सुटतो. म्हणजे नुसती कवच बनण्याची क्रिया बघितली तर तिथल्या तिथे पाण्यात सीओटू वाढतो. मग हवेतला गॅस कमी होतो कुठे? तर जमिनीवर. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्ट, ग्रॅनाइटसारख्या सिलिकेट खडकांना हळूहळू झिजवतो, त्यांच्यातलं कॅल्शियम सुटतं, नद्यांतून समुद्रात जातं आणि तिथे चुनखडक म्हणून बसतं. या लांबच्या वाटेवर हिशेब केला तर हवेतले गॅसचे दोन रेणू घेतले, एक परत सुटला, एक कायमचा दगडात गेला. चुनखडकच झिजला तर मात्र निव्वळ फायदा शून्य, कारण जेवढा घेतला तेवढाच परत बसताना सुटतो.

मग हा दगड समुद्रतळाबरोबर पृथ्वीच्या पोटात ओढला जातो, तापतो, आणि ज्वालामुखीतून गॅस परत वर येतो. हे चक्र लाखो वर्षांचं. तापमान वाढलं की खडक झिजण्याचा वेग वाढतो, गॅस कमी होतो, परत थंडावा. पृथ्वी इतकी अब्ज वर्षं राहण्याजोगी राहिली त्यात या चक्राचा फार मोठा हात आहे. शेजारच्या शुक्रावर हे चक्र चालत नाही, तिथल्या हवेत ९६ टक्क्यांच्या वर कार्बन डायऑक्साइड आणि दाब आपल्या नव्वदपट. आपल्याकडेही एकूण कार्बन जवळपास तेवढाच आहे, फक्त आपला बहुतेक खडकात आहे.

एक_शंका

बापरे. शुक्राचं वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद दादा, "सावकाश वाचा" का म्हणालात ते कळलं, तीनदा वाचलं.

क्लिंकर

सिमेंट प्लांटमध्ये काम करतो, भट्टीच्या बाजूने थोडं लिहितो.

पुस्तकात कोणी ८२५ अंश लिहितं कोणी ९०० लिहितं आणि मुलं गोंधळतात. खरं उत्तर असं की ते आजूबाजूच्या गॅसवर अवलंबून आहे. दगडाभोवती शुद्ध कार्बन डायऑक्साइड, नेहमीच्या हवेच्या दाबाला, असेल तर साधारण ९०० अंशाच्या आसपास गेल्याशिवाय विघटन जोर धरत नाही. गॅस सतत ओढून नेला, खेळती हवा ठेवली, तर त्याच्या बऱ्याच खालीही दगड सुटायला लागतो. म्हणून भट्टीत ओढ नीट पाहिजे, जुन्या उभ्या भट्ट्या बांधणाऱ्यांना हे समीकरण न शिकता माहीत होतं. प्रत्यक्षात भट्टी हजाराच्या पुढेच चालवतात कारण दगड बाहेरून आत भाजत जातो, पृष्ठभाग सुटला तरी गाभा कच्चा असू शकतो.

उष्णता पण भरपूर खातो. एक किलो चुनखडक फोडायला नुसत्या रासायनिक क्रियेलाच सुमारे १८०० किलोज्यूल लागतात, म्हणजे पाचेक लिटर साध्या पाण्याला उकळी आणण्याएवढे, आणि दगड तापवायचा खर्च वेगळा.

भट्टीवाल्याची खरी कसोटी दगडाच्या मापात असते. मोठे आणि बारीक तुकडे एकत्र घातले तर बारीक करपतात आणि मोठ्यांचा गाभा कच्चा राहतो. कच्चा गाभा भिजवताना विरतच नाही, खडा म्हणून खाली राहतो, तो गाळून काढता येतो. पण करपलेला म्हणजे जास्त भाजलेला चुना जास्त त्रासदायक, त्याचे कण आकसून घट्ट होतात, पाणी लवकर घेत नाहीत आणि भिंतीवर गेल्यावर महिन्यांनी जागे होतात. फुगतात आणि गिलाव्याचे टवके उडवतात.

सिमेंटची गोष्ट पुढची. तिथे चुनखडक आणि माती दळून एकत्र साधारण १४५० अंशापर्यंत नेतात, चुना सिलिकाशी जोडला जाऊन क्लिंकरचे गोळे बनतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ ला घेतलं. क्लिंकरमध्ये साधारण दोन तृतीयांश चुनाच असतो, आणि एक टन क्लिंकर केला की अर्ध्या टनाहून थोडा जास्त गॅस नुसत्या दगडातून सुटतो. इंधन कुठलंही वापरा, सूर्याच्या उष्णतेवर भट्टी चालवा, हा अर्धा टन सुटणारच, कारण तो समीकरणातच लिहिलेला आहे. जगात माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो त्यातला ७ ते ८ टक्के सिमेंटचा, आणि त्यातला साधारण ६० टक्के जळणाचा नाही, दगडाचा. रोज प्लांटवर जाताना हा आकडा डोक्यात असतो माझ्या.

एक_शंका

क्लिंकर साहेब, ९०० ला दगड सुटतो म्हणता, मग संगमरवर कसा तयार होतो? तोही चुनखडक तापूनच होतो ना, मग जमिनीखाली त्याचा चुना का होत नाही?

खडकवेडा

हा तर फारच सुंदर प्रश्न आणि यावर खरोखर भांडण झालं होतं. अठराव्या शतकातले स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन म्हणत होते की पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने खडक बदलतात, विरोधक म्हणायचे मग चुनखडकाचा चुना व्हायला हवा होता, संगमरवर कसा उरला? हटनचं म्हणणं, खाली दाब आहे, गॅसला निसटायला जागा नाही. हे तपासलं सर जेम्स हॉल यांनी, १८०० च्या आसपास. बंदुकीच्या नळ्यांत खडूची पूड ठासून भरायची, तोंडं पक्की बंद करायची आणि भट्टीत तापवायची. कितीतरी नळ्या फुटल्या पण ज्या टिकल्या त्यांच्यात चुना मिळाला नाही, पुडीचा पुन्हा घट्ट, स्फटिकमय, संगमरवरासारखा दगड झालेला मिळाला.

क्लिंकरनी वर सांगितलं तेच, गॅस जाऊ दिला तर दगड सुटतो, अडवला तर सुटत नाही.

गिलावा

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे या धाग्यावर न लिहून चालणारच नाही.

तुम्ही सगळे सुटलेल्या गॅसबद्दल बोलताय, मला तो परत येतो त्याबद्दल बोलायचंय. कळीच्या चुन्यावर पाणी गेलं की तो फुलतो, तडकतो, वाफा निघतात, पाणी उकळतं, आणि भुगा किंवा लोणी होतं. हा विरलेला चुना. तो पाण्याखाली जितका मुरेल तितका मऊ, चिकट, कामाला चांगला. मग वाळू घालून घोटायचा आणि भिंतीवर. भिंतीवर गेल्यावर तो नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत घेत परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. परत चुनखडक! फक्त आता तुम्हाला हव्या त्या आकाराचा. यासाठी भिंतीत थोडा ओलावा लागतो, एकदम कोरडं पडलं तर क्रिया थांबते आणि गिलावा भुसभुशीत राहतो, म्हणून चुन्याच्या कामावर ओली गोणपाटं टांगायची असतात आणि घाई अजिबात चालत नाही.

हे ज्ञान किती जुनं आहे बघा. जॉर्डनमधल्या ऐन गझाल इथे चुन्याच्या गिलाव्याचे मीटरभर उंचीपर्यंतचे पुतळे सापडले, सुमारे ९००० वर्षांपूर्वीचे. तिथली माणसं मातीची भांडी भाजायला लागायच्या आधी चुना भाजत होती.

आणि एक कळकळीची विनंती. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीला कृपा करून सिमेंटने दरजा भरू नका, सिमेंटचा गिलावा करू नका. चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो, इमारत थोडी हलली तर चुना बारीक तडे घेतो आणि पाण्याबरोबर पुन्हा थोडा साकळून ते भरूनही काढतो. सिमेंट कडक आणि दाट. ओलावा सांध्यातून निघू शकला नाही की तो दगडातून निघतो, बरोबर क्षार आणतो, ते क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे स्फटिक होतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सिमेंट तसंच राहतं, मधला दगड खाल्लेला दिसतो. शेकडो वर्षं टिकलेल्या भिंती मी अशा काही दशकांत गेलेल्या बघितल्यात, चांगल्या हेतूने केलेल्या दुरुस्तीमुळे, फार वाईट वाटतं.

म्हणून मी म्हणते चुना हाच खरा निसर्गाला धरून असलेला माल. सोडला तेवढा परत घेतो.

क्लिंकर

ताई, भिंतींबद्दल १०० टक्के सहमत. शेवटच्या वाक्यावर मात्र अडतोय.

दगडातून सुटलेले ४४ किलो परत येऊ शकतात, मान्य. पण भट्टीत जाळलेल्या लाकडाचा किंवा कोळशाचा गॅस वेगळा आहे, तो भिंत परत घेत नाही. आणि वेळ बघा, भट्टीत काही तासांत सुटतो, जाड भिंतीच्या आतपर्यंत परत शिरायला कितीतरी दशकं लागतात. शिवाय काँक्रीटही गॅस परत घेतं. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, १९३० ते २०१३ या काळात सिमेंट बनवताना दगडातून जेवढा गॅस सुटला त्यातला साधारण ४३ टक्के सिमेंटच्या वस्तूंनी परत शोषला असा त्यांचा अंदाज. इंधनाचा धरलेला नाही त्यात.

पण काँक्रीटसाठी हे शोषणं चांगलं नसतं ही पंचाईत. आतल्या सळईला गंजण्यापासून वाचवतो तो काँक्रीटचा क्षारीयपणा, सामू (पीएच) १३ च्या आसपास असतो. कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला की तो ९ च्या खाली येतो, सळई उघडी पडल्यासारखीच, मग गंज, गंज फुगतो, काँक्रीटचे पोपडे निघतात. फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन मारून बघतात, गुलाबी झालं तिथपर्यंत ठीक, रंगहीन राहिलं तिथे गॅस पोचलाय. म्हणजे तुमच्या चुन्याला ज्याने ताकद येते त्यानेच आमची सळई जाते.

गिलावा

इंधनाचा मुद्दा बरोबर आहे, तो धरायलाच हवा. तरी चुना सिमेंटपेक्षा कमी तापमानाला भाजला जातो आणि इमारत उतरवली तर चुन्यातला दगड, वीट आख्खी सुटून परत वापरता येते, सिमेंटमधली येत नाही, हेही हिशेबात धरा ना.

रोमन लोकांचंही सांगते. त्यांनी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली, ती चुन्याशी जोडली जाते आणि पाण्याखालीही घट्ट होते. रोममधल्या पँथिऑनचा घुमट ४३ मीटर रुंद, आत एकही लोखंडी सळई नाही, १९०० वर्षं उभा आहे. त्यांच्या काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात, लोक म्हणायचे नीट मिसळलं नाही. २०२३ मध्ये एमआयटीच्या गटाने मांडलं की कळीचा चुना थेट गरम गरम मिसळल्यामुळे ते खडे राहतात, आणि तडा गेला, पाणी शिरलं, की त्यातलं कॅल्शियम विरघळून तड्यात कॅल्साइट म्हणून बसतं.

निवळी

एक महत्त्वाचं, कारण गिलावा ताईंनी चुना फुलण्याचं सुंदर वर्णन केलंय आणि कोणाला करून बघावंसं वाटेल. कळीच्या चुन्याशी खेळू नका. नेहमी पाण्यात थोडा थोडा चुना टाकायचा, ढिगावर पाणी ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा आणि हातमोजे हवेतच. गेलाच डोळ्यात तर चोळायचं नाही, भरपूर स्वच्छ वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि थेट डॉक्टर. आणि चालू भट्टीच्या उबेला झोपायचं नाही, पूर्वी थंडीत असे लोक झोपलेत आणि उठलेच नाहीत. भट्टीतला गॅस हवेपेक्षा जड असतो, सखल जागेत साठतो.

करून बघण्यासारखा प्रयोग वेगळाच आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंका (ओढायचं नाही, फक्त फुंकायचं), दुधाळ होते. इथे बहुतेक जण थांबतात. थांबू नका, फुंकत राहा. पुरेसा गॅस गेला की ती परत स्वच्छ व्हायला लागते, कारण कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. आता ते पाणी तापवा, गॅस निघून जाईल आणि परत गढूळ. कडक पाण्याच्या किटलीत पांढरा थर बसतो तो हाच.

गुहाप्रेमी

निवळी मॅडमच्या त्या परीक्षानळीत अख्खी गुहा आहे! पाऊस मातीतून झिरपतो, मुळं आणि सूक्ष्मजीव श्वास सोडतात म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट असतो, पाणी आंबट होतं, फटीतून खडक विरघळवत जातं. ही झाली दुधाळ निवळी स्वच्छ होण्याची पायरी. मग तेच पाणी पोकळीच्या छतावर थेंब म्हणून येतं, गुहेच्या हवेत गॅस कमी, थेंबातला जादा गॅस निसटतो आणि कॅल्साइटचं बारीकसं कडं मागे राहतं. वरून लोंबणारा लवणस्तंभ आणि खालून वर चढणारा, दोन्ही असेच. वाढ साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग वगैरे, जागेप्रमाणे कमीजास्त. म्हणून गुहेत हात लावू नका म्हणतात, हाताच्या तेलाने पुढचा थर नीट बसत नाही.

लवणस्तंभ कापला की आत वाढीची वलयं असतात आणि त्यांत त्या त्या काळच्या पावसाची नोंद. युरेनियम-थोरियमने वय काढता येतं, पाच लाख वर्षांपर्यंत. आपण भूगर्भशास्त्राच्या ज्या कालखंडात जगतोय त्याचं अधिकृत नाव मेघालयन, २०१८ मध्ये ठरलं, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळापासून सुरू होतो आणि त्याचं प्रमाण मानलेला लवणस्तंभ मेघालयातल्या मॉमलूह गुहेतला आहे.

फ्रान्समधली लास्को गुहा १९४० ला सापडली, चित्रं बघायला इतकी माणसं गेली की त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ओल, उष्णता यांनी चित्रं बिघडायला लागली, १९६३ ला लोकांसाठी बंदच करावी लागली.

आणि एक धोक्याची बाजू. चुनखडकाच्या प्रदेशात पाणी फटींतून, भुयारांतून धावतं, वाळूतल्यासारखं गाळलं जात नाही. खड्ड्यात कचरा, मैला टाकला तर तो थोड्या दिवसांत लांबच्या झऱ्यात दिसू शकतो. पोकळीचं छत बसलं की जमीन खचते, फ्लोरिडात विंटर पार्कला १९८१ मध्ये असा खड्डा पडून घर आणि गाड्या गिळल्या गेल्या. भूजल जास्त उपसलं की पाण्याचा आधार जातो आणि हे वाढतं.

मृद्गंध

शेतीचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्लधर्मी जमिनीत चुनखडकाची पूड टाकतात. नुसता सामू वाढवणं हा त्यातला अर्धाच भाग आहे. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना विषारी होतं, मुळं आखूड जाड राहतात, स्फुरद अडकून बसतो, शेंगावर्गीय पिकांच्या गाठींमधले जिवाणू नीट काम करत नाहीत. चुना टाकला की ॲल्युमिनियम परत न विरघळणारं होतं. पूड जितकी बारीक तितका परिणाम लवकर. भाजलेला चुना जलद काम करतो पण जास्त झाला तर जाळतो, म्हणून साधी दळलेली चुनखडी बरी. पेरणीच्या काही महिने आधी मिसळायची.

पण माती परीक्षणाशिवाय कृपया टाकू नका. जमीन आधीच चुनखडीयुक्त असेल तर अजून चुना म्हणजे नुकसानच, लोह आणि जस्त पिकाला मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात.

क्लिंकर

बाकीचे उपयोग भरभर लिहितो. पोलादाच्या भट्टीत चुना खनिजातली वाळू, फॉस्फरस, गंधक ओढून मळी करतो आणि वर तरंगतो. काचेत वाळू, सोडा आणि चुना, चुना नसेल तर काच पाण्यात हळूहळू विरघळेल. साखर कारखान्यात रस साफ करायला. कागदाला शुभ्रपणा द्यायला, रंगात, टूथपेस्टमध्ये, आम्लपित्ताच्या गोळ्यांत. सोडा ॲश बनवायची सोल्वे पद्धत, ती चुनखडक आणि मिठावर चालते. कोळशाच्या वीज केंद्रात धुरातलं गंधक काढायला चुनखडकाचं पाणी फवारतात, त्यातून जिप्सम मिळतं, पण तिथेही गंधकाच्या बदल्यात दगडातला सीओटू सुटतोच.

आणि विजेच्या आधी रंगमंचावर प्रखर झोत पाडायला ऑक्सिजन-हायड्रोजनची ज्योत कळीच्या चुन्याच्या कांडीवर सोडायचे. चुना अडीच हजार अंशांच्या वर जाईपर्यंत वितळत नाही, नुसता पांढरा लखलखतो.

खडकवेडा

सोल्नहोफेन राहिलं! जर्मनीतला इतका बारीक कणांचा चुनखडक की १७९६ मध्ये सेनेफेल्डरने दगडावरून छपाई शोधली ती यावर, आणि १८६१ मध्ये पिसांसकट आर्किऑप्टेरिक्स या आद्य पक्ष्याचा जीवाश्म मिळाला तोही याच खडकात.

जाता जाता समुद्राचंही सांगतो. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण चौथा हिस्सा समुद्र घेतो, त्याने पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ च्या जवळ आलाय. आकडा लहान वाटतो, पण आम्लता सुमारे ३० टक्के वाढली. पाण्यातलं कार्बोनेट कमी होतं आणि प्रवाळ, शिंपल्यांना कवच बांधणं जड जातं. खोल समुद्रात साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली कवचं तशीही विरघळून जातात, तिथे चुन्याचा गाळ टिकत नाही. ती खोलीची रेषा आता वर सरकू लागलीय. म्हणजे दगड भाजून आपण एका टोकाला गॅस सोडतो आणि दुसऱ्या टोकाला नवा दगड बनायलाही अडथळा आणतो.

एक_शंका

मग यावर इलाज काय? सिमेंट तर थांबणार नाही.

क्लिंकर

एकच इलाज नाही. सगळ्यात सरळ म्हणजे क्लिंकर कमी वापरणं. एलसी थ्री नावाचं सिमेंट आहे, स्वित्झर्लंडचं इपीएफएल विद्यापीठ, आपल्या आयआयटी आणि क्युबातल्या संशोधकांनी मिळून पुढे आणलं. त्यात क्लिंकर साधारण निम्माच, बाकी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेला चुनखडक. माती ८०० अंशाच्या आसपास भाजते आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघत नाही, पाणी निघतं. चुनखडक नुसता दळायचा, म्हणजे त्यातले ४४ टक्के आतच राहतात. एकूण ३० ते ४० टक्के गॅस वाचतो. पोलादाच्या भट्टीची मळी, फ्लाय ॲश (कोळशाची राख) याही चांगल्या, पण त्या पोलाद आणि कोळशावर अवलंबून. भट्टीतला गॅस पकडून जमिनीखाली साठवायचे प्रकल्प सुरू झालेत, खर्चिक आहेत. आणि मुळात जिथे काँक्रीट लागत नाही तिथे ओतायचं नाही, हे डिझाइन करणाऱ्यांच्या हातात आहे.

एक_शंका

शेवटचं विचारतो. हातात दगड आहे, तो चुनखडक आहे का हे कसं ओळखायचं?

खडकवेडा

लोखंडी खिळ्याने ओरखडा काढा, सहज उमटला तर कॅल्साइट असण्याची शक्यता, त्याचा कठीणपणा ३. क्वार्ट्झवर खिळ्याचा ओरखडा उमटत नाही. मग ताज्या फोडलेल्या भागावर व्हिनेगरचे थेंब टाका, भिंगातून बघा, बुडबुडे आले तर कार्बोनेट. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने जोरात फसफसतो पण ते प्रयोगशाळेतच. थेंब नुसता पसरून राहिला तर लगेच नाही म्हणू नका, आधी तो भाग खिळ्याने खरवडून पूड करा आणि पुडीवर परत टाका, डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडकाचा भाऊबंद) असेल तर पुडीवरच हळू फसफसतो. संगमरवरही फसफसतो, फरक दाण्यांत दिसतो, साखरेसारखे चमकणारे स्फटिक असतील तर संगमरवर, मातकट किंवा जीवाश्मवाला असेल तर चुनखडक. आणि तुकडा बांधकामाच्या राडारोड्यातून उचलला असेल तर आधी तो दगडच आहे ना बघा, काँक्रीटही फसफसतं.